तिथीनं चालणारं जहाज

माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेत आष्टीकर गार्ड माझ्या बाजूनं चालत होते. तिरडी तात्यापाऱ्याच्या वळणाशी आली तेव्हा ते माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, आता दोन शब्द धीराचे सांगतील. ते म्हणाले, "साडेचार."

"काय साडेचार?"

"ताशी. खांदेकरी बदलले तवा तीनवर आली होती. आता चांगली चालून राहिली."

खरं सांगतो, मला राग आला नाही. बापाला शेवटच्या प्रवासात चांगला वेग मिळाला, असं एका जाणकारानं सांगितलं. असं भाग्य रायपुरात कितीजणांना लाभतं?

विनायकराव आष्टीकर हे चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड. मूळचे अमरावतीकडचे, नोकरी रायपूरची, घर आमच्या शेजारी भिंतीला भिंत. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. बाहेरचे खांब आणि खालच्या रुळांची खटखट मोजायची आणि घड्याळाशी ताडून पाहायची. त्यातून त्यांना अशी सिद्धी लाभली की डोळे मिटून कुठल्याही गोष्टीचा वेग सांगावा. बस, बैलगाडी, वाढप्याची पंगत, काहीही. स्वतःच्या वरातीत घोड्यावर बसून त्यांनी "पाऊण किलोमीटर, अकरा मिनिटं लेट" असं जाहीर केल्याचं काकू सांगतात. घोडेवाल्यानं त्या अपमानामुळे तो धंदाच सोडला. हे मात्र काकू सांगत नाहीत, मी सांगतो.

मी कोण? मी शिक्के करतो. रबरी शिक्के, पाट्या, लग्नपत्रिका. नवं राज्य झालं तेव्हा प्रत्येक कचेरीला नवा शिक्का लागला, आणि तो माझ्याकडून गेला. मंत्र्यांनी शपथ घेण्यापूर्वी शिक्का तयार आहे का, हे मला विचारून घेतलं. बायको म्हणते, तितकं नाही. बरं, तितकं नाही; पण त्याच्या जवळपास.

तर आष्टीकर निवृत्त झाले आणि त्यांचा एकुलता एक पोट्टा, नंदू, मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला. गार्डाच्या पोरानं रेल्वे सोडून जहाजावर जावं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून सहन झालं नाही. कारण भावनिक नव्हतं, तांत्रिक होतं.

"समुद्रात खांब असते काय?" त्यांनी मला विचारलं.

"नाही काका."

"किलोमीटरचा दगड?"

"नाही."

"मंग स्पीड कसा मोजून राहिले ते लोक? का नुसतेच चालले?"

नुसतंच चालणं ही त्यांच्या लेखी चारित्र्याची बाब होती. नंदू जहाजावरून दर रविवारी उपग्रहाच्या फोनवर तीन मिनिटं बोलायचा. त्यातली अडीच मिनिटं काका वेगावर खर्च करत. उरलेल्या अर्ध्या मिनिटात काकूंनी जेवण, तब्येत, अंघोळ आणि देव एवढं आटपायचं. नंदू इकडच्या सगळ्या पोरांसारखा. मराठी सगळी कळायची, उत्तर हिंदीत. "हाँ बाबा, मशीन है, लॉग बोलते हैं उसको. पानी में से कितना स्पीड है वो बताता है."

"पाण्यातून?" काका जागीच थबकले. "आणि जमिनीवरून?"

"वो अलग है बाबा. पानी खुद भी तो चलता है."

त्या दिवसापासून माणूस बिघडला. ज्या रुळावर गाडी चालते तो रूळच चालू लागला तर गार्डानं काय करावं? त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली, आणि पूर्वीच्या काळी खलाशी वेग कसा मोजत ते शोधून काढलं. दोरीला लाकडाची त्रिकोणी फळी बांधायची आणि जहाजाच्या मागून पाण्यात सोडायची. फळी पाण्यात रुतल्यासारखी उभी राहते, जहाज पुढं जातं, दोरी हातातून सुटते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. अठ्ठावीस सेकंदांत जितक्या गाठी हातातून गेल्या तितका जहाजाचा वेग. जहाजवाले वेग किलोमीटरमध्ये न सांगता 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्ये, सांगतात ते यामुळेच.

लगेच पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, सात घरांच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गायब झाल्या. बायका आठ दिवस ओली लुगडी अंगावर वाळवत होत्या म्हणतात. दोरी झाली, गाठी झाल्या, फळी झाली. आता पाणी हवं, आणि तेही वाहतं. बुढ्या तलावाचं पाणी त्यांनी एका नजरेत नापास केलं. मग माझ्या स्कूटरवर मागं बसून, दोरीचं भेंडोळं गळ्यात घालून, ते मला अभनपूरकडच्या कालव्यावर घेऊन गेले.

कालव्याच्या पुलावर आम्ही उभे राहिलो. त्यांनी फळी सोडली, मी घड्याळ धरलं. गाठी त्यांच्या बोटांतून सरकू लागल्या. एक, दोन, तीन. तेवढ्यात बाजूच्या शेतातून पंधरा-वीस माणसं धावत आली. कोणाच्या हातात कुदळ, कोणाच्या हातात काठी. नवी राजधानी वसवायची म्हणून त्या दिवसांत त्या भागातल्या जमिनी मोजून नेत होते. दोरी घेतलेले दोन शहरी दिसले की गाव कामं टाकून धावायचं.

एक म्हातारा पुढं झाला. "हमर खेत ला काबर नापत हव, साहेब?" आमचं शेत का मोजताय?

मी घाईघाईनं म्हटलं, "खेत नइ बबा, पानी नापत हन."

म्हाताऱ्यानं कालव्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "अब पानी घलो ले जाहू?"

आता पाणीपण नेणार का, एवढंच विचारलं बिचाऱ्यानं. मी घड्याळ खिशात टाकलं. काकांनी मात्र म्हाताऱ्याला पुलावर उभं केलं, दोरी त्याच्या हातात दिली. "पकडो. देखो. हम लोग खड़े हैं ना? फिर भी रस्सी बोलती है, तीन नॉट से जा रहे हैं. ये रस्सी झूठी है." म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हव. सरकारी होही." सरकारी असेल.

काकांच्या बैठकीत शाळेतला असतो तसा जगाचा मोठा नकाशा लागला. नंदूच्या वेगाला तासांनी गुणायचं आणि टाचणी पुढं सरकवायची. काकू रोज सकाळी टाचणीला हळदकुंकू लावायच्या. हिंदी महासागर त्यामुळे जरा पिवळा झाला होता.

मग एकाएकी नंदूचे फोन वाढले. आठवड्यातून एकदा येणारा फोन रोज येऊ लागला, तोही साध्या मोबाईलवरून. आम्ही सगळे खूश. पोरगा आईबापाला धरून आहे, असं मी चारचौघांत सांगितलं. तिथंच कळायला हवं होतं. जो माणूस खरंच कुठंतरी चाललेला असतो त्याला इतका वेळ नसतो.

काका विचारायचे, "स्पीड?"

"बारह, बाबा."

दुसऱ्या दिवशी, "बारह." तिसऱ्या दिवशी, "बारह." टाचणी सरकत सरकत आखातात शिरली, आखात संपलं, किनारा ओलांडून वाळवंटात घुसली. मी म्हटलं, "काका, पोट्ट्यानं जहाजाला चाकं लावली." काका हसले नाहीत. त्यांनी चौतीस वर्षांत एकही गाडी सतत बारावर चालताना पाहिली नव्हती.

पुढच्या फोनवर त्यांनी नंदूला असं झापलं की माझ्या भिंतीचा पोपडा पडला. "काहून बे, मले मूर्ख समजते काय? बारा, बारा, बारा. न मोजता रिपोर्ट देते? गार्डाचा पोट्टा ना तू? चार टायमाले मोज आणि जो आकडा येईन तो सांग. खोटा आकडा सांगायचा नाही."

मग नंदू म्हणाला, "मशीन बंद है बाबा. लकड़ी फेंक के गिनना पड़ेगा."

"मंग फेक."

तेव्हापासून दिवसातून चार वेळा काकांच्या मोबाईलवर निरोप येऊ लागला. निरोपात नुसता आकडा. जहाजाच्या नाकाशी लाकडाचा तुकडा टाकायचा, तो शेपटाशी पोचेपर्यंत सेकंद मोजायचे, आणि जहाजाच्या लांबीवरून वेग काढायचा. एक पूर्णांक नऊ. शून्य पूर्णांक तीन. दोन. पुन्हा शून्य. काका ते नोंदवहीत उतरवत आणि दिवसभर धुमसत. "हे काय ड्रायव्हिंग आहे? चालते, थांबते, चालते, थांबते. ह्या ड्रायव्हरले मालगाडीवर कोणी शंटिंगलेपण ठेवलं नसतं." नंदू म्हणायचा, तेल वाचवायला जहाज हळू चालवतायत. काकांनी जहाजाच्या 'ड्रायव्हर'ला तीन पानी तक्रार लिहिली आणि तिच्यावर मारायला माझ्याकडून एक शिक्का फुकटात करून घेतला.

असे दीड महिने गेले. संकष्टी होती. मी दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो. काकू पंचांग उघडून चंद्रोदय बघत होत्या. मोदक कधी उकडायला ठेवायचे त्याचा अंदाज घेत होत्या. पुटपुटत म्हणाल्या, "काल पाऊण तास आधी होता, उद्या पाऊण तास उशिरा. रोज तेवढाच सरकते मेला."

काकांचा पेन थांबला. त्यांनी काकूंच्या हातातून पंचांग घेतलं. हा माणूस आयुष्यात वेळापत्रकाशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास ठेवणारा नव्हता. त्यांनी पंचांग आणि नोंदवही शेजारी शेजारी ठेवली आणि बोट फिरवत बसले. चहा गार झाला. काकू आत गेल्या तसे मला म्हणाले, "भैया, इकडे ये."

मी गेलो.

"हे पाह्य. शून्य आकडा आज ज्या टायमाले आला, उद्या त्याच्या पाऊण तास उशिरा. परवा अजून पाऊण तास. चंद्रासारखा. आणि हे. पुनवेच्या मागं-पुढं स्पीड दोनच्या वर. अष्टमीले एकच्या खाली. अमावस्येले पुन्हा दोन." त्यांनी चष्मा काढला. "मले सांग, कोणत्या इंजिनाले तिथी समजते?"

मी काहीतरी विनोद करणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"गाडी उभी आहे," काका म्हणाले. "पाणी चालून राहिलं. भरती-ओहोटीचं. लंगर टाकून उभी आहे, दीड महिना."

पुढच्या फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "नंदू, किती दिवसांपासून उभे आहा?" नंदूनं मग सगळं सांगितलं. मालक जहाज सोडून नाहीसा झाला होता. पगार बंद, डिझेल संपत आलेलं, एका परक्या नदीच्या मुखाशी अकरा माणसं अडकलेली. पासपोर्ट कप्तानाकडून बंदरवाल्यांनी घेतलेले. उतरायची परवानगी नाही, कारण जहाज रिकामं सोडता येत नाही. जनरेटर दिवसातून तासभर, तेवढ्यात मोबाईल चार्ज करायचा. नंदू म्हणाला, "आप बोले थे झूठा आँकड़ा नहीं देना. तो नहीं दिया."

आता माझी पाळी होती. राज्यातली प्रत्येक कचेरी माझ्या शिक्क्यानं चालते, अशी पाऱ्यात मीच दवंडी पिटली होती. काकांना घेऊन मी शंकर नगरच्या सरकारी कचेऱ्यांपासून सुरुवात केली. गाड्यांच्या खात्यात बाबूनं अर्ज वाचला आणि गाडीचा नंबर विचारला. जहाज म्हटल्यावर त्यानं आम्हांला पाण्याच्या खात्यात पाठवलं. पाण्याच्या खात्यानं विचारलं, जहाज कोणत्या कालव्यात आहे. तिथून माशांच्या खात्यात. तिथला साहेब भला माणूस. त्यानं चहा मागवला, अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाला, "देखिए, राज्य नया है. बँटवारे में समुंदर हमारे हिस्से में आया नहीं."

काका म्हणाले, "भोपाल के पास भी नहीं था."

"तालाब तो था ना," साहेब म्हणाला.

त्यानं अर्जावर 'प्राप्त'चा शिक्का मारला. शिक्का माझाच. अक्षरं फार सुबक उमटली होती. मी आयुष्यात इतका सुबक शिक्का केल्याबद्दल स्वतःला कधी शिव्या दिल्या नव्हत्या, त्या दिवशी जिना उतरताना दिल्या. दिल्लीला पत्रं गेली, मुंबईच्या एजंटाकडे गेली. एजंटाच्या दाराला कुलूप होतं. मी बायकोसुद्धा विश्वास ठेवणार नाही इतक्या लोकांना ओळखतो, आणि त्यातला एकही त्या महिन्यांत कामाला आला नाही.

नकाशावरची टाचणी काकांनी वाळवंटातून उचलून किनाऱ्याशी आणून खोचली. काकूंनी विचारलं, "काहून थांबलं?"

"लाईन नाही मिळाली," काका म्हणाले. रेल्वेच्या भाषेत, पुढचा रूळ मोकळा नाही म्हणून गाडी उभी.

जन्मभर गार्डाचा संसार केलेल्या बाईला यापुढं काही विचारायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मालगाडीले कोण देते लाईन," आणि आत गेल्या. पुढचे दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर या माणसानं काय करावं? तर आकडे बंद करण्याऐवजी वाढवले. चारचे सहा केले. निरोप पाच मिनिटं उशिरा आला की फोन करून नंदूला फैलावर घ्यायचे. "तीन चाळीसचं रीडिंग तीन अठ्ठेचाळीसले काहून? झोपला होता?" एक दिवस माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही माणूस आहात का कोण? पोट्टा तिकडं डाळीच्या पाण्यावर जगतोय, जहाज जागचं हलत नाही हे जगाला कळलं, आणि तुम्ही त्याला आकड्यांसाठी छळता?"

ते रागावले नाहीत. मला खाली बसवलं.

"गाडी जंगलात मधेच उभी राहिली ना भैया, तर ड्रायव्हर झोपू शकते. गार्ड नाही झोपू शकत. त्याले उतरून मागं चालत जावं लागते. लाल झेंडी घेऊन, रुळावर फटाके लावत, हजार-बाराशे मीटर. मागून येणारी गाडी ठोकू नये म्हणून. तिथं उभं राहावं लागते. एकदा मी दिवसभर उभा होतो. ना पाणी, ना माणूस. पण मले ड्युटी होती, म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं." त्यांनी नोंदवही पुढं ओढली. "मागच्या हप्त्यात त्यांच्यातल्या एकानं पाण्यात उडी मारली. पोहायले नाही. काढला त्याले बाहेर. तवापासून मी सहा रीडिंग मागतो. लाकूड टाकाले एक, शेपटाशी उभा एक, घड्याळ धराले एक, लिहाले एक. कोणाची पाळी कवा, ते मीच लावून देतो. ज्यानं उडी मारली, त्याले घड्याळ देल्लं."

मी उठलो आणि घरी आलो. मला त्या दिवशी कोणालाच काही सांगावंसं वाटलं नाही. माझ्या बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढं एका परक्या बंदरातल्या पाद्र्याला कुणकुण लागली. तो होडीनं तांदूळ, पाणी आणि फोनची कार्डं घेऊन जहाजावर जाऊ लागला. त्याच्या खटपटीनं दोघांना आजारी म्हणून उतरवलं, त्यात नंदूचा नंबर लागला. पायाला जखम होऊन चिघळली होती. अकराव्या महिन्यात तो रायपूर स्टेशनावर उतरला तेव्हा त्याच्या हातातली पिशवी काकूंनी घेतली, तिचं वजन बघून त्या रडल्या. काकांनी फक्त त्याच्या चालीकडे पाहिलं. किती, ते बोलले नाहीत.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेलो. दुपारची वेळ. नंदू आतल्या खोलीत पाय उशीवर टाकून झोपला होता. मनात म्हटलं, आता हा माणूस मोकळा झाला, याला माझ्या शिक्क्यांच्या हिशोबाला बसवावं. बैठकीत काका नोंदवही उघडून बसले होते. तीन चाळीस झाले. तीन पन्नास. त्रेपन्नाव्या मिनिटाला फोन वाजला. पलीकडचा आवाज नंदूचा असणं शक्यच नव्हतं. जहाजावर मागं राहिलेल्या नऊ जणांतल्या कुणाचा तरी, मोडक्या हिंदीतला, कुठल्या मुलखातला देव जाणे, तो आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "गार्ड साब. वन पॉइंट सिक्स."

"तेरह मिनट लेट," काका म्हणाले. "क्यों?"

तो माणूस काहीतरी सांगू लागला. बराच वेळ सांगत होता. त्यात कुठलातरी गाव होता, एक मुलगी होती, तिची शाळा होती. काका मधूनमधून "हव, हव" म्हणत होते. नोंदवहीत आकडा लिहून झाला होता, तरी पेन हातातच होता. शेवटी त्यांनी विचारलं, "खाना खाया?"

उत्तर ऐकून घेतलं. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "ठीक है. अगला रीडिंग सात चालीस. तुम ही करना. हम बैठे हैं इधर."